एक डूख, दोन चित्रपट: 'नागिन' ते 'जानी दुश्मन'

राजकुमार कोहली यांनी एकच गोष्ट दोनदा केली. 1976 साली 'नागिन', आणि 26 वर्षांनी, ऑगस्ट 2002 मध्ये, 'जानी दुश्मन: एक अनोखी कहानी'. निर्माता-दिग्दर्शक तोच, नटांची रांग लावायची हौस तीच आणि सांगाडाही तोच: इच्छाधारी नागांच्या जोडीतला एक जीव माणसांपायी जातो, मागे राहिलेला डूख धरतो आणि मित्रांच्या टोळक्याला एकेक करून गाठतो. पहिला त्या वर्षीच्या मोठ्या यशस्वी चित्रपटांत गणला गेला, रीना रॉयला त्याने पहिल्या फळीत नेऊन बसवलं आणि 1979 मध्ये 'नीया' या नावाने तो तमिळमध्येही झाला. दुसरा सणकून आपटला. आज तो ओळखला जातो तो मोबाइलवर फिरणाऱ्या क्लिपांमुळे, आणि त्या कुणी भीती वाटावी म्हणून पाठवत नाही.

(2002 च्या चित्रपटाचं नाव कोहलींच्याच 1979 च्या 'जानी दुश्मन'वरून घेतलं आहे. त्यात नवऱ्या मुली पळवणारा राक्षस होता, सापाचा संबंध नव्हता. नाव एका जुन्या चित्रपटाचं आणि गोष्ट दुसऱ्याची, असा हा मामला.)

दुसरा पडला तो खराब ग्राफिक्समुळे, असं सरसकट म्हटलं जातं. ग्राफिक्स खराब आहेतच. पण हा चित्रपट त्याआधीच, कागदावर असतानाच गेला होता. ते कसं, हे पाहायचं तर आधी पहिल्याची घडण उलगडून बघावी लागते.

पहिल्या चित्रपटाची घडण

लेखक-अभ्यासक विजय (सुनील दत्त) जंगलात एका नागाचा जीव वाचवतो. तो नाग इच्छाधारी निघतो (जितेंद्र), उपकाराची जाण ठेवून आपलं खरं रूप सांगतो आणि आपली नि नागिणीची भेट कधी होणार तेही सांगतो. विजय हे मित्रांच्या कानावर घालतो, मित्र हसण्यावारी नेतात, तेव्हा तो त्यांना दाखवायलाच घेऊन जातो. ऐन वेळी एका मित्राला वाटतं की विजयचा जीव धोक्यात आहे. तो गोळी झाडतो. नाग मरतो. नागीण त्याच्या डोळ्यांत पाहते, तर तिथे समोरच्या माणसांचे चेहरे उमटलेले असतात. सुनील दत्त, फिरोज खान, संजय खान, विनोद मेहरा, कबीर बेदी, अनिल धवन: सहा जण. इथून सूड सुरू.

डोळ्यांतल्या त्या चित्राकडे जरा नीट पाहायला हवं, कारण सगळा चित्रपट त्यावर उभा आहे. मेलेल्याच्या डोळ्यांत शेवटचं दृश्य राहतं, ही कल्पना काही फक्त आपल्याकडची नाही. 1878 च्या सुमारास हायडलबर्गला विल्हेल्म क्यूने या शरीरशास्त्रज्ञाने सशाच्या दृष्टिपटलावर खिडकीच्या गजांचा ठसा रसायनांनी पक्का करून दाखवला होता. त्यानंतर युरोपात, खून झालेल्याच्या डोळ्यांचा फोटो काढून खुनी सापडेल का, याची बरीच चर्चा झाली. तसं होत नाही. ठसा क्षणात विरतो आणि तो टिकवायला प्रयोगशाळाच लागते. आपल्याकडे मात्र साप मारला की त्याचं डोकं ठेचायचं, नाहीतर जोडीदार डोळ्यांत बघून माग काढतो, हे खेडोपाडी आजही ऐकायला मिळतं. ही समजूत प्रेक्षक घरूनच घेऊन आला होता. ती पटवून द्यायला चित्रपटाला एक मिनिटही खर्चावं लागलं नाही.

खरी हुशारी पुढे आहे. डोळ्यांत चेहरे उमटतात, मनातला हेतू उमटत नाही. समोर कोण उभं होतं ते नागिणीला दिसतं, पण बंदूक कुणी उचलली, का उचलली, आणि त्यातल्या एकाने याच नागाला आधी वाचवलं होतं, हे दिसत नाही. प्रेक्षकाने मात्र सगळं पाहिलेलं असतं. त्यामुळे तिचं दुःख खरं, तिचा पुरावा खरा, तरी निकाल सहापैकी पाचांच्या बाबतीत चुकलेला, आणि हे फक्त खुर्चीतल्या माणसाला ठाऊक. तो धड तिच्या बाजूने होऊ शकत नाही, धड तिच्या विरुद्ध जाऊ शकत नाही. पुढे कथानक कितीही घसरो (घसरतंच, मधली कॉमेडी आज बसवत नाही), ही ओढाताण सुटत नाही.

दुसरी गोष्ट तिच्या मर्यादांची. नागीण दंश करते, म्हणजे तिला हाताच्या अंतरावर यावं लागतं. जवळ यायचं तर ओळखीचा चेहरा हवा, म्हणून ती त्या त्या माणसाच्या जवळच्या बाईचं रूप घेते. आणि मित्रांच्या गळ्यात मंतरलेलं लॉकेट आलं की तिला हात लावता येत नाही. मग ते लॉकेट उतरवून घेणं हेच तिचं काम होऊन बसतं. अंतर, चेहरा, लॉकेट: या तीन अडथळ्यांमुळे प्रत्येक खुनाचा प्रसंग आपसूक एक छोटं नाटक होतो. माणूस खोलीत, बाई आत येते, ही खरी की ती? लॉकेट कुठे आहे? दार लावलं का?

यात निर्मात्याचीही सोय झाली. रेखा, मुमताज, योगिता बाली अशा नावाजलेल्या नट्या हाताशी असताना, नागिणीने त्यांच्यापैकी एकीचा चेहरा घेतला की 'चमत्कारा'चा खर्च शून्य. तीच नटी तोच सेट वापरून जरा स्थिर नजरेने बोलते, बस. दोघी एकाच चौकटीत दाखवायच्या असतील तरच चौकटीचा अर्धा भाग झाकून दोनदा फिल्म फिरवावी लागते, आणि ते टाळायचं असेल तर पटकथेत टाळता येतं. इच्छाधारी नागीण हा हिंदी सिनेमाला सापडलेला सगळ्यात स्वस्त राक्षस आहे.

साप ते बाई: प्रत्यक्षात कसं करत

त्या काळी रूपांतर दाखवायची पद्धत सरळ होती. कॅमेरा तिपाईवर पक्का करायचा, पायांवर वाळूच्या पिशव्या टाकायच्या, लेन्स, अॅपर्चर, फोकस सगळं टेप लावून बंद. आधी सापाचा शॉट घ्यायचा. क्रम महत्त्वाचा, कारण सापाला खडूच्या खुणेवर उभं राहायला सांगता येत नाही. नटीला सांगता येतं. साप जिथे आणि जसा थांबला तिथे खूण करायची, त्याला हलवायचं, नटीला त्याच जागी बसवायचं आणि दुसरा शॉट घ्यायचा. मग लॅबमध्ये पहिला विरत दुसरा उमलेल असा डिझॉल्व्ह. सेकंदाला 24 चौकटी, म्हणजे एक ते दीड सेकंदाचा डिझॉल्व्ह हवा तर 24 ते 36 चौकटी. त्याहून कमी केला तर झटका बसतो, जास्त केला तर बाई भुतासारखी अर्धपारदर्शक लोंबकळत राहते.

बिघडतं ते असं. दीड मीटरचा नाग फणा काढतो तेव्हा अंगाचा साधारण तिसरा हिस्सा उचलतो, म्हणजे फणा जमिनीपासून जेमतेम अर्धा मीटर. उभ्या बाईचे डोळे दीड मीटरवर. दोन्ही एकाच चौकटीत बसवायचे तर साप चिंगुळका दिसतो. म्हणून नागीण बसलेली, वाकलेली किंवा आडवी प्रकट झालेली बरी. मग ती सावकाश मान वर करते आणि आपण त्याला अदा म्हणतो. उघड्यावर दोन शॉट्समध्ये वीस मिनिटं गेली तर सूर्य पाच अंश सरकतो. डिझॉल्व्हमध्ये साप तसाच, झाडाची सावली मात्र चालायला लागते. रात्रीचा सीन घेतला की हा प्रश्नच मिटतो. धूर सोडला तर आणखी बरं, कारण दोन शॉट्समधला फरक धुरात मुरतो. अमावास्या, धुकं, निळा उजेड हे सगळं गूढतेसाठी असतं हे अर्धंच खरं आहे.

शिवाय साप थंड रक्ताचा. गारठ्यात तो दोरीसारखा पडून राहतो, दिव्यांखाली तापला की सेटवरून चालू लागतो. त्यामुळे गारुडी आणि दिवे लावणारे यांचं जमलं तरच शॉट मिळे.

आणखी एक बारकावा जुन्या प्रिंटवर डोळे ताणून पाहिला तर दिसतो. ऑप्टिकल डिझॉल्व्ह म्हणजे त्या तुकड्याची पुन्हा नक्कल काढलेली असते. नक्कल काढली की दाणा (फिल्मवरची बारीक खरखर) वाढतो आणि रंग किंचित मळतो. त्यामुळे रूपांतर सुरू होण्याआधी क्षणभर चित्र खरखरीत होतं. तांत्रिकदृष्ट्या हा दोष. पण थिएटरमध्ये नेमक्या त्याच क्षणी लोक पुढे सरकून बसत. आता काहीतरी होणार, हे डोळ्याला आधी कळतं आणि डोक्याला नंतर.

2002: काय काय बदललं

नव्या चित्रपटात सुरुवात शापाने होते. नागांची जोडी (अरमान कोहली, मनीषा कोईराला) एका ऋषीच्या (अमरीश पुरी) तपात व्यत्यय आणते, ताटातूट होते आणि नागीण माणसाच्या जन्माला येते. कॉलेजात तिचा मित्रांचा मोठा घोळका आहे. त्यातले दोघे तिच्यावर हात टाकतात. बाकीचे तिला समजावतात, माफ कर म्हणतात. पुन्हा तोच प्रसंग येतो, यात सगळेच सामील आहेत असं तिला वाटतं आणि ती जीव देते. नाग सगळ्यांमागे लागतो.

1976 च्या मांडणीशी हे ताडून पाहा. गैरसमज दोन्हीकडे आहे. पण तिथे तो पुराव्याच्या स्वरूपातूनच येतो. चित्रात हेतू दिसत नाही, त्याला कुणाचा इलाज नाही. इथे तो एका वाक्यात मिटण्यासारखा आहे. 'आम्हाला ठाऊक नव्हतं' एवढं कुणी म्हणावं आणि नागाने ऐकून घ्यावं, की खेळ संपला. मग ते वाक्य कुणी बोलू नये म्हणून पटकथेला सतत धडपडावं लागतं. जो जीव जन्माच्या फेऱ्यापलीकडे वाट पाहू शकतो तो दोन मिनिटं थांबून चौकशी करू शकत नाही, हे प्रेक्षकाच्या घशाखाली उतरत नाही.

त्यात मूळ गुन्हा बलात्काराचा. गोळी चुकून सुटू शकते, हे चुकून होत नाही. खरे गुन्हेगार दोन आहेत आणि कोण ते सगळ्यांना माहीत आहे. त्या दोघांचा निकाल लागल्यावर उरलेल्यांचा पाठलाग पाहताना नागाबद्दल सहानुभूती उरत नाही. उरलेल्यांबद्दलही वाटत नाही, कारण पीडित मुलीला गप्प बसवण्यात त्यांचा हात होताच. या एका धाग्यावर, की 'माफ कर' म्हणणाराही भागीदार असतो का, खरं तर चांगला चित्रपट होता. तो शिवायचं कुणी मनावर घेतलं नाही.

दुसरा घाव मर्यादांवर. कपिल नावाच्या या नागाला सगळं येतं. हवेत उडतो, नाहीसा होतो, रूपं घेतो, गोळ्या झाडा की ठोसे मारा, पुन्हा उभा राहतो. हॉलिवूडमध्ये गाजलेल्या 'टर्मिनेटर 2' (1991) आणि 'द मेट्रिक्स' (1999) या दोन चित्रपटांची छाप उघड दिसते: वितळून पुन्हा जुळणारा मारेकरी आणि हवेत वाकून चुकवलेल्या गोळ्या. पण ज्याला जवळ यावं लागत नाही त्याला चेहराही उसना घ्यावा लागत नाही. मग रूप पालटणं ही गरज न राहता हौस होते, आणि प्रत्येक खून म्हणजे मारामारीचा सीन. 'ही खरी की ती?' हा प्रश्न, म्हणजे या प्रकारच्या चित्रपटाचं सगळं भांडवल, हातचं गेलं.

सनी देओल, अक्षय कुमार, सुनील शेट्टी, अर्शद वारसी, आफताब शिवदासानी, आदित्य पंचोली आणि मोठेपणी पहिल्यांदाच ठसठशीत भूमिकेत उतरलेला गायक सोनू निगम, एवढे पुरुष एका बाजूला. नायक दर्जाचा नट घेतला की त्याला मरण्याआधी दोन हात करू द्यावे लागतात. 1976 मध्येही नट भरपूर होते, पण प्रत्येकाबरोबर एक बाई होती, एक घर होतं, म्हणून मरण वेगळं होतं. इथे पस्तिशी-चाळिशीतले नट कॉलेजच्या आवारात, घर नाही, दार नाही, उंबरा नाही. साप शिरणार कुठे?

ग्राफिक्सचं म्हणाल तर दोष नेमका सांगता येतो. फिल्म कॅमेऱ्यात शटर साधारण 180 अंशांचं, ते निम्मा वेळच उघडं असतं, म्हणजे प्रत्येक चौकटीला सेकंदाचा 48 वा भाग उजेड मिळतो. तेवढ्या वेळात हलणारी वस्तू किंचित फरकटते. कॉम्प्युटरवर केलेल्या सापात हा फराटा मुद्दाम घालावा लागतो, त्यावर फिल्मचा दाणा चढवावा लागतो, आणि पोट जमिनीला टेकतं तिथे गडद, बारीक सावली द्यावी लागते. या तीनपैकी एकही राहिलं तर साप चिकटवलेला वाटतो, आणि तिन्ही राहिली तर व्हिडिओ गेम. एका दोन सेकंदांच्या मॉर्फला (एक रूप वितळत दुसरं होतं त्याला) 48 चौकटी, प्रत्येकीत डोळे, जबडा, खांदा यांचे बिंदू हाताने जुळवायचे. असे दोन-चार शॉट नीट करता येतात. चित्रपटभर तीच करामत पसरायची म्हटली की प्रत्येक शॉटला मिळणारा वेळ आटतो. जिवंत साप वापरणंही आता सोपं राहिलं नव्हतं. 1972 चा वन्यजीव कायदा होताच, त्यात 2001 च्या नियमांनी चित्रपटातल्या प्राण्यांसाठी नोंदणी आणि परवानगी बंधनकारक केली. कॉम्प्युटरकडे जाणं योग्यच होतं. चूक झाली ती कॉम्प्युटरचा साप किती वेळा दाखवायचा यात.

1986 च्या 'नगीना'ने हे बरोबर ओळखलं होतं. तिथे शेवटच्या नाचात श्रीदेवीच्या डोळ्यांत रंगीत लेन्स आहेत, समोर अमरीश पुरींचा भैरोनाथ पुंगी वाजवतो आहे, सरोज खान यांनी बसवलेला नाच आणि लताबाईंचा आवाज आहे. नाच चालू असताना साप जवळपास बाईतच दिसतो. रूप पालटायची गरजच पडत नाही.

पुंगीचं म्हणाल तर

या प्रकारात आवाज अर्धं काम करतो. भोपळ्याची पुंगी, तिला खाली दोन नळ्या, एक सुरांची आणि एक आसेची (एकच सूर धरून ठेवणारी), आणि वाजवणारा गाल फुगवून श्वास न तोडता फुंकतो. सापाला बाहेरचा कान नसतो. जमिनीची कंपनं तो जबड्याच्या हाडातून घेतो, आणि डोलतो तो हलत्या पुंगीवर नजर ठेवून. पडद्यावर मात्र 1954 च्या 'नागिन'पासून पुंगी हाच नागाचा आवाज झाला. त्या चित्रपटात इच्छाधारी नागीण नव्हतीच, दोन टोळ्यांचं वैर होतं. आणि 'मन डोले'मधली ती बीन खरी पुंगीही नव्हती: कल्याणजींनी क्लाव्हिओलाइन या विजेवरच्या कीबोर्डवर वाजवलेली, जोडीला रवी यांचं हार्मोनियम. 1976 मध्ये लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनी 'तेरे संग प्यार मैं नहीं तोड़ना' ही एकच चाल चित्रपटभर फिरवली. भेटीला तीच, वियोगाला तीच, सूडालाही तीच. चाल सुरू झाली की खोलीत कोण आलंय हे प्रेक्षकाला कळतं आणि पडद्यावरच्या माणसाला कळत नाही. 2002 कडे अशी एक चाल नाही. गाणी आहेत, पण ती कॉलेजची गाणी आहेत.

जाता जाता: 1976 चा नाग जितेंद्र, म्हणजे गिरगावच्या चाळीत वाढलेला आणि व्ही. शांताराम यांनी 1964 साली नायक म्हणून पुढे आणलेला. 2002 च्या मित्रांच्या ताफ्यात 'अशी ही बनवाबनवी'मुळे आपल्या ओळखीचा सिद्धार्थ रे आहे, तो शांतारामांचा नातू. आणि 2015 मध्ये छोट्या पडद्यावर 'नागिन' मालिका आणून हा सगळा धंदा पुन्हा उभा केला तो जितेंद्रच्या मुलीने, एकता कपूरने. मालिकेतलं ग्राफिक्स काही फार सुधारलेलं नव्हतं. पण नागीण सून होऊन घरात शिरली होती, उंबरा परत आला होता.

2002 चं काय करता आलं असतं

पैसे न वाढवता तीन दुरुस्त्या. एक, नागाला एकच रूप एकदाच घेता यावं. मेलेल्या मित्राचा चेहरा पुढच्या मित्राकडे जायला वापरायचा, म्हणजे एक नट मारला की पुढच्या प्रसंगासाठी तोच हाताशी. एवढ्या नायकांचा भार मग उपयोगी पडतो: सोनू निगमचा खून झाल्यावर सोनू निगमच दार ठोठावतो आणि मॉर्फची एकही चौकट लागत नाही. दोन, उडणं आणि पुन्हा जुळणं काढून टाकायचं, दंश ठेवायचा. तीन, तिला माफ करायला लावणाऱ्यांपैकी एकाला खरोखर सगळं आधीपासून ठाऊक असावं, आणि तो कोण हे नागालाही माहीत नसावं, प्रेक्षकालाही नाही. मग बाकीचे आपापसांत एकमेकांकडे बघायला लागतात, आणि नाग पडद्यावर नसला तरी काम चालू राहतं.